अमावस्येचा आकडा

रिसर्चच्या प्रमुखानं मला पहिल्याच बोलण्यात तोंडावर सांगितलं होतं, "बाकीच्यांपेक्षा तुला जास्त गणित येतं असं काही नाही. पण तुझ्याकडं ऊस आहे." मला राग आला. आणि त्या रागाच्या आतून आनंदाच्या उकळ्याही फुटल्या, कारण सोलापूरकर असण्याचा फायदा कुणाला तरी पहिल्यांदाच दिसत होता. एरवी कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा "अच्छा" म्हणायचा आणि दुसऱ्याकडं वळायचा.

कंपनी पुण्याची. शेअर बाजारात माणसाऐवजी प्रोग्रामच खरेदी-विक्री करतात, ते प्रोग्राम बनवणारी. मी तिथं ज्युनियर प्रोग्रामर, पण बसायची सोलापुरात, होटगी रस्त्याकडच्या आमच्या घराच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत. फेब्रुवारी संपत आला की तो पत्रा असा तापायचा की लॅपटॉपखाली मी स्टीलचं ताट पालथं घालून ठेवायची. वडील रेल्वेत, बहुतेक वेळ ड्युटीवर. घरात दिवसभर आई आणि मी.

त्या हंगामात माझ्यापुढं दोन वाटा होत्या. एक डेव्हलपमेंटची. म्हणजे ऑर्डर बाजारात लवकरात लवकर आणि बिनचूक पोचवणारं यंत्र लिहायचं, त्याची देखभाल करायची. दुसरी रिसर्चची. म्हणजे उद्या काय होणार याचा अंदाज बांधायचा आणि तो अंदाज खरा ठरतो हे आकड्यांनी दाखवायचं. कंपनीत रिसर्चवाले म्हणजे वरपक्ष, आणि आम्ही प्रोग्राम लिहिणारे म्हणजे पंगतीतले वाढपी. पगारातही फरक होता, पण मला खरी भूक त्या पाटाची होती. मला वरपक्षात बसायचं होतं. इतकं बसायचं होतं की जेवताना घास हातात राहायचा आणि आई म्हणायची, "कुटं गेलीस?"

डेव्हलपमेंटची प्रमुख बाई तशी मितभाषी. ती म्हणाली, "माझ्याकडं जागा आहे. काम कंटाळवाणं आहे. पण इकडं चूक झाली तर त्याच मिनिटाला कळते. तिकडं चूक वर्षभर तुझ्याशी गोड बोलत राहते." मला वाटलं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. सोमवारी दुपारपर्यंत दोघांपैकी एकाला हो म्हणायचं होतं. माझं उत्तर मनात केव्हाच ठरलेलं होतं, फक्त रिसर्चवाल्यानं शेवटचा होकार द्यायचा बाकी होता.

तो होकार उसावर अडला होता. साखर कंपन्यांचे शेअर त्या हंगामात किती साखर होणार यावर हलतात. ते आकडे जाहीर व्हायला वेळ लागतो. पण कारखान्याच्या यार्डात रोज किती ऊसगाड्या येतात याचा अंदाज आधीच बांधता आला तर? मी तसा प्रोग्राम लिहिला होता. हवामान, मागचे हंगाम, उसाची लागण, असं काय काय खाऊन तो रोज सकाळी सांगायचा की आज यार्डात इतक्या गाड्या येतील. अंदाज खरा निघाला की नाही हे बघायला संध्याकाळी खऱ्या गाड्या मोजणारं कुणीतरी हवं होतं. तिथं माझे मामा आले.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. अकलूजच्या पुढं एका साखर कारखान्यात हंगामी कामाला. यार्डात येणाऱ्या गाड्यांना नंबर द्यायचा, रांग मोडणाऱ्याला शिट्टी मारून मागं घालवायचं, हे त्यांचं काम. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम बंद झाला, की ते घरी. रस्त्यावर उभं राहून कुणीही मोजू शकेल अशा त्या गाड्या, तेव्हा कंपनीच्या वकिलाचीही हरकत नव्हती. मामांनी तर काही विचारलंच नाही. भाचीला लागतंय, एवढं त्यांना पुरलं.

रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांचाच फोन यायचा. मी घाईतच असायची.

"मामा, आज वीस-पंचवीस जास्त असतील ना? ऊन चांगलं पडलंय."

"लई हायत की! यार्डात पाय ठिवाया जागा न्हाय." मग आकडा. माझ्या सकाळच्या अंदाजाच्या अगदी शेजारी बसणारा.

"वा मामा!" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मग तो आकडा भरायचा आणि पुण्याला पाठवायचा. हळूहळू माझ्या अंदाजाची रेघ आणि मामांच्या आकड्यांची रेघ पडद्यावर हातात हात घालून चालायला लागल्या. मी त्या रेघांकडं बघत बसायची, कुणी स्वतःच्या लग्नाचे फोटो बघावेत तशी.

आई एकदा म्हणाली, "ऊस गोड लागला म्हणून मुळापासनं खाऊ न्हाय. रोज काय मोजाया लावतीस त्याला? म्हातारा माणूस."

"आई, तुला नाही कळायचं ते," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडात त्या दिवसांत फार असायचं.

शेवटच्या आठवड्यात रिसर्चच्या प्रमुखाचा सूरच बदलला. "एवढा नेमका अंदाज इथं कुणाचाच नाही. सोमवारी सगळ्यांसमोर दाखव. जागा तुझीच." मी हो म्हणाले, कॅमेरा बंद केला आणि त्या तापलेल्या खोलीत एकटीच हसत बसले.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी जिन्यात होते. "कालच्याएवढ्या असतील ना?" मी विचारलं. "लई गाड्या आज, इचारूच नको," मामा म्हणाले आणि आकडा सांगितला. सकाळच्या अंदाजाला असा चिकटून बसणारा की मी ओरडलेच, "वा मामा!" आणि ते आईला सांगायला उड्या मारत खाली आले. आई दारात माझ्या स्कुटीला लिंबू-मिरची बांधत होती. शेजारी नारळ फोडून ठेवलेला.

"आज काय गं हे?"

"अवस हाय की आज."

मी पायरीवर तशीच उभी राहिले.

आमच्याकडं अवसेला, म्हणजे अमावस्येला, बैल जुंपत नाहीत. औताला नाही, गाडीला नाही. ऊसतोडणीच्या टोळ्यासुद्धा त्या दिवशी कोयता खाली ठेवतात, अंघोळ-पांघोळ करतात, कपडे धुतात. मामांच्या यार्डात निम्म्याहून जास्त बैलगाड्या. म्हणजे अवसेला यार्ड ओस पडायला हवं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, सुट्टीत मामांच्या गावी जाऊन जाऊन ते अंगातच होतं. आणि प्रोग्राम लिहिताना तेच विसरले होते. त्याला मी इंग्रजी तारखा दिल्या, वार दिले, सरकारी सुट्ट्या दिल्या. म्हणून तो सकाळी बिनधास्त म्हणाला होता की यार्ड भरलेलं असेल. माझ्या प्रोग्रामला तिथी माहीत नव्हती. मामांना होती. मग तेही यार्ड भरलंय असं का म्हणाले?

वर जाऊन मी मागची अवस काढली. त्याच्या मागचीही काढली. दोन्ही दिवशी रेघा हातात हात घालून चाललेल्या. मग मन पळवाटा शोधायला लागलं. हल्ली ट्रॅक्टर वाढले असतील. टोळ्या परगावच्या असतील, त्या अवस पाळत नसतील. आणि सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे पुण्यात कोण बघणार आहे पंचांग? सोमवारी रेघा दाखवायच्या, टाळ्या घ्यायच्या आणि पाटावर बसायचं. हा विचार माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी त्याला लगेच हाकलला नाही.

शनिवारी सकाळी प्रोग्राम म्हणाला, आज यार्ड गच्च. मी एसटी धरली. आईला सांगितलं, मामांना भेटून येते. तिनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "बरं झालं, त्येलाबी बरं वाटंल." वाटेत डोक्यात मामांवरचा राग. इतके महिने हा माणूस आपल्याला काय सांगत होता? मी खिडकीला डोकं टेकून वाक्यं जुळवत होते, एकाहून एक धारदार.

कारखान्याच्या फाटकातून आत गेले आणि थांबले. एवढं मोठं मैदान, आणि त्यात तीन-चार ट्रॉल्या. एका कोपऱ्यात दोन बैलगाड्या, बैल सोडलेले. बाकी सगळी मोकळी माती आणि वाऱ्यावर उडणारं पाचट. मळीचा वास तेवढा भरून होता. लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत मामा बसलेले, गळ्यात शिट्टी.

मला बघितल्यावर ते आधी हसले. मग त्यांनी रिकाम्या यार्डाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं, आणि घरात काही नसताना दारात पाव्हणा उभा राहिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"अगं, आदी कळवायचं न्हाय व्हय?"

"मामा, गाड्या कुठं आहेत?"

"येत्यात की. दुपारच्याला येत्यात."

"काल अवस होती, मामा."

त्यांनी पायानं पाचट बाजूला सारलं. मी म्हणाले, "काल किती आल्या होत्या?"

त्यांनी शिट्टी हातात घेतली, बोटांत फिरवली. "किती पायजेत तुला?"

एसटीत जुळवलेली सगळी वाक्यं एकदम बाहेर आली. मला किती पाहिजेत याचा काय संबंध, जेवढ्या आल्या तेवढ्या सांगायच्या, माझी नोकरी आहे ही, तुम्हाला काय खेळ वाटला का. माझा आवाज इतका चढला की ट्रॉलीवरचा ड्रायव्हर उठून बसला. मामांनी त्याला हातानंच "काय न्हाय, काय न्हाय" केलं.

मग ते हळू आवाजात बोलायला लागले. "सुरवातीला सांगितलं की खरं. एकदा कमी सांगितलं, तर तू 'बरं' म्हणलीस आन् फोन ठिवलास. लई दिस मनात ऱ्हायलं ते. मग एकदा जरा वाढवून सांगितलं, तर 'वा मामा' म्हणलीस. दिसभर हितं धूळ खाल्ल्यावर माणसाला कुणीतरी वा म्हणावं असं वाटतंय की. आन् तू आदीच म्हणायचीस, आज इतक्या जास्त असतील ना म्हणून. मला वाटलं, तेवढं लागतंय पोरीला. कमी सांगून कशाला तिचा जीव खाली घालवायचा?"

सकाळी माझा प्रोग्राम अंदाज बांधायचा. संध्याकाळी तो अंदाज माझ्या आवाजातून मामांच्या कानात जायचा आणि मामा तोच मला परत द्यायचे, वर थोडी माया घालून. ऊस यात कुठंच नव्हता. इतके महिने मी माझाच आवाज मोजत होते, आणि त्याच्या रेघा काढून पुण्याला पाठवत होते.

"मग ऊस कमी आहे?" मी विचारलं.

"कवाचा कमी हाय. हंगाम आटपलाच म्हणायचा. सोमवारी पट्टा पडंल." एवढं बोलून ते बैलांकडं बघायला लागले.

माझ्या डोक्यात तेव्हा फक्त सोमवार होता. मी भाकरीचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं आणि निघते म्हणाले. ते स्टँडपर्यंत आले. गाडी लागली तशी गर्दी उसळली, आणि मी मागं राहिलेली बघून मामा त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पुढं पळाले, खिडकीतून खांद्यावरचा टॉवेल आत टाकला आणि माझी जागा धरली. मी बसल्यावर टॉवेल झटकून परत घेतला, म्हणाले, "खिडकी हाय. वारं लागंल."

रविवार कसा गेला ते सांगता येणार नाही. आई बोलली की मी खेकसायची, ती गप्प बसली की मला आणखी चीड यायची. सांगितलं तर जागा जाते. नाही सांगितलं तर जागा मिळते, आणि मग एक दिवस त्या अंदाजावर खरे पैसे लागतात. लॅपटॉपवर दोन मेल लिहून ठेवल्या होत्या, एक सगळं सांगणारी आणि एक काहीच न सांगणारी, आणि मी दोन्हीकडं आळीपाळीनं बघत होते.

सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर दाखवण्याच्या आधी मी रिसर्चच्या प्रमुखाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. अवस, बैल, यार्ड, मामा. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसला. "म्हणजे तुझ्या मॉडेलनं उसाचा अंदाज बांधलाच नाही. तुझ्या मामांचा बांधला."

मी "हो" म्हणाले.

"पण पकडलंस ना तू? बाकीच्यांनी पकडलं नसतं, आणि पकडलं असतं तरी सांगितलं नसतं. रिसर्च म्हणजे हेच. जागा अजून तुझी आहे." त्या एका वाक्यानं मला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. त्यानं परत सांगितलं. "दुसरा मामा शोध. नात्यातला नको. पैसे देऊन ठेव. आणि त्याच्याशी बोलताना काहीच दाखवू नकोस. हसू नकोस, वा म्हणू नकोस. आकडा घे आणि ठेव."

त्याचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. काम असंच करायचं असतं, आणि तो ते छान करतो. भीती मला माझीच वाटली. तो बोलत होता आणि माझं डोकं आधीच करमाळ्याकडं पळालं होतं, तिथल्या कारखान्यात ओळखीचं कोण आहे, त्याच्याशी कोणत्या सुरात बोलायचं. काही लोकांना मन बाजूला ठेवून विचारता येतं. मला येत नाही. माझा राग आणि माझा आनंद माझ्या आधी फोनवर पोचतात. समोरच्याला मला काय हवंय ते कळणार, आणि आमच्याकडची माणसं हवं ते हातावर ठेवतात. आणि न दाखवायला मी शिकलेच, तर मग घरी कोणत्या आवाजात बोलणार होते? ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्राला निदान माझी माया नाही.

"मी डेव्हलपमेंटला जाते," मी म्हणाले.

"विचार कर. हे दार परत उघडणार नाही."

"माहीत आहे."

फोन ठेवला आणि रडले. सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. हातातलं ताट आपणच ढकलल्याचा नुसता संताप. अजूनही पुण्याला गेले आणि रिसर्चवाल्यांच्या बैठकीचं दार बंद झालं की तो संताप मला भेटून जातो. डेव्हलपमेंटच्या बाईला कळवलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "उद्यापासून कामाला लाग."

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "आज पट्टा पडला गं. शेवटची गाडी गेली. यार्ड झाडून घेतलं. खरं सांगतोय." आणि मग, "त्या दिशी तुझ्या नोकरीचं वाईट झालं न्हाय न्हवं माज्यापायी?"

"नाही मामा. मी दुसरं काम घेतलं. आता गाड्या मोजायची गरज नाही."

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे आता संध्याकाळचा फोन नको करू व्हय?"

इतके महिने रोज बोलत होतो आम्ही. पट्टा पडल्यावर ते काय करतात, गुडघे कसे आहेत, संध्याकाळी घरी त्यांच्याशी बोलायला कोण असतं, यातलं एक मी कधी विचारलं नव्हतं. परवा तर ते यार्डात समोर उभे होते, हंगाम आटपला म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगत होते.

"करा की," मी म्हणाले. "रोज करा."

"आन् सांगू काय?"

"कसे आहात ते सांगा."

मामा हसले, नेहमीसारखं खोकत. मग म्हणाले, "खरं सांगू, का तुला बरं वाटंल तसं सांगू?"